पिवळा रंग, लाल सिग्नल

एक सोप्पा प्रश्न. शिसपेन्सिलमध्ये शिसं असतं का?

नसतं! आत असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचाच एक अवतार. शाळेत पेन्सिल चघळताना आई ओरडायची, ‘अरे, विष असतं त्यात!’ आतल्या काडीपुरतं ते खोटं होतं. पण बाहेरच्या चकचकीत लाल-पिवळ्या रंगाबद्दल आई अगदीच चुकत होती असं नाही. त्या काळात रंगात शिसं सर्रास असायचं. आणि बॉस, आजही काही रंगांत ते असतं. ते रंग कुठे कुठे सापडतात हे कळल्यापासून आमच्या घरात ‘पिवळा’ हा शब्द जरा जपूनच उच्चारला जातो.

आमचे चिरंजीव साडेतीन वर्षांचे. त्यांच्यासाठी आजोबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, एक छोटा क्रिकेट सेट आणला. लाकडी बॅट, तीन पिवळेधमक स्टंप, दोन लाल बेल्स आणि एक रबरी बॉल. घरात आनंदीआनंद! पोरगं मोबाइल सोडून बॅट धरतंय म्हटल्यावर आपल्याला आणखी काय हवं? बायकोने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. मामाने लगेच ‘पुढचा सचिन’ असं जाहीर करून टाकलं.

आता साडेतीन वर्षांचा माणूस क्रिकेट कसं खेळतो? बॉलिंग दोन मिनिटं, बॅटिंग पाच मिनिटं. उरलेला वेळ स्टंप म्हणजे तलवार, स्टंप म्हणजे मायक्रोफोन, आणि बेल म्हणजे बिस्कीट. दोन महिन्यांत बेलच्या टोकांचा रंग उडाला, खालचं लाकूड दिसायला लागलं. स्टंपचा पिवळा रंग बाल्कनीत पापुद्र्यांसारखा पडायला लागला.

कुठल्याही घरात अशा वेळी केरसुणी फिरवतात आणि विषय संपतो. पण मी पडलो क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस. आमची कंपनी इलेक्ट्रॉनिक पार्ट्स बनवते आणि माल युरोपात जातो. युरोपात १ जुलै २००६ पासून ‘रोह्स’ नावाचा नियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक वस्तूत, काही सवलती सोडल्या तर, शिसं ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये एक एक्सआरएफ गन आहे. दिसायला हेअर ड्रायरसारखी. वस्तूला टेकवायची, ट्रिगर दाबायचा, अर्ध्या मिनिटात कुठला धातू किती ते स्क्रीनवर. दिवसभर आम्ही तेच करतो.

तर एका शनिवारी, रीतसर परवानगी घेऊन, मी तो क्रिकेट सेट ऑफिसला घेऊन गेलो. लॅबमधल्या मित्राने आधी यथेच्छ टिंगल केली. मग गन बॅटच्या हँडलवर टेकवली. शिसं नाही. बॅटवरचं स्टिकर. नाही. रबरी बॉल. नाही. पिवळा स्टंप.

मित्र हसायचा थांबला.

आकडा चार अंकी होता. लाल बेलचाही चार अंकी. मित्राने दुसऱ्या जागी टेकवून बघितलं, तिसऱ्या जागी टेकवून बघितलं. ‘हे फक्त स्क्रीनिंग आहे रे,’ तो म्हणाला, ‘रंगाचा थर पातळ असला की आकडा वर-खाली होतो. नक्की हवं असेल तर रंग खरवडून बाहेरच्या लॅबला पाठवायला लागेल.’ बरोबरच होतं त्याचं. पण भारतात घरगुती रंगासाठी मर्यादा आहे ९० पीपीएम. म्हणजे एक किलो वाळलेल्या रंगात ९० मिलिग्रॅम शिसं, त्याच्यावर नाही. नव्वद कुठे आणि चार अंकी आकडा कुठे! रंग खरवडून पाठवलाच. दहा दिवसांनी त्या लॅबनेही तेच सांगितलं.

पिवळाच का?

कारण शिशाचा पिवळा रंग दिसतो भारी! लेड क्रोमेट हे त्याचं रासायनिक नाव, बाजारातलं नाव क्रोम यलो. स्वस्त, झगझगीत, एका हातात खालचं लाकूड झाकणारा, उन्हापावसात टिकणारा. अमेरिकेतल्या त्या फेमस पिवळ्या स्कूल बस एकेकाळी याच रंगाने रंगवायचे. त्यात मॉलिब्डेनम आलं की झकास नारिंगी-लाल होतो. निळा मिसळला की हिरवा. म्हणजे लहान मुलांना आवडणारे, दुकानात लांबून डोळ्यात भरणारे सगळे रंग याच खानदानातले. शिवाय ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणूनही त्यात शिशाची संयुगं घालायची पद्धत होती. भिंतीला लावायच्या पाण्याच्या रंगात हा झोल फारसा नसतो. चमकणाऱ्या इनॅमलमध्ये असू शकतो. आणि स्टंप, डंबेल्स, लेझीम, घसरगुंडी, सीसॉ... हे सगळं कशाने रंगवतात? चमकणाऱ्या इनॅमलनेच.

याला पर्याय नाही असं मात्र अजिबात नाही. शिसं नसलेले पिवळे, नारिंगी, लाल रंग बाजारात आहेत, मोठ्या कंपन्या तेच वापरतात. थोडे महाग पडतात, इतकंच.

तोंडातून पोटात, पोटातून हाडात

नुसता हात लावल्याने हे शिसं कातडीतून आत जात नाही. खरी भानगड आहे तोंडाची. रंगाचे कण, त्याची धूळ, ती धूळ लागलेली बोटं, आणि ती बोटं तोंडात. दोन-चार वर्षांच्या मुलाचा दिवस याच क्रमाने जातो, हे कुठल्याही आईबापाला सांगायला नको. त्यात पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्या माणसांच्या चार ते पाच पट शोषून घेतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, कारण शरीर शिशाला कॅल्शियम समजून चक्क हाडात जागा देतं. तिथे ते वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं.

नुकसान होतं ते मेंदूचं. बुद्ध्यांक, एकाग्रता, वागणूक. ताप नाही, उलटी नाही, पुरळ नाही. शाळेत बाई म्हणतात, ‘लक्ष नाही हो त्याचं’. आपण क्लास लावतो, स्क्रीन टाइम कमी करतो, बदाम भिजवतो. शिशाचा विचार कोणाच्या मनात येतो?

सुरक्षित म्हणावी अशी शिशाची पातळीच आजवर सापडलेली नाही. हे वाक्य मी रात्री दीड वाजता लॅपटॉपवर वाचलं. शेजारच्या खोलीत चिरंजीव एक स्टंप कुशीत घेऊन झोपले होते. मी तो हळूच काढून घेतला. सकाळी घरात जे रामायण झालं, ते विचारू नका.

चार दिवस

बालरोगतज्ज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘अंदाज कशाला करायचा? रक्त तपासू.’ शिरेतून घेतलेल्या रक्तातलं शिसं मोजणारी टेस्ट असते. शहरातल्या मोठ्या पॅथॉलॉजी लॅब करतात. रिपोर्टला चार दिवस. त्या चार दिवसांत मी ऑफिसात नेमकं काय काम केलं, ते अप्रेझलमध्ये विचारू नये, ही नम्र विनंती.

रिपोर्ट आला. एका डेसिलिटरला ४.१ मायक्रोग्रॅम.

आता याचा अर्थ काय लावायचा? जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून म्हणते, ५ किंवा त्याच्या वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा. अमेरिकेच्या सीडीसीने त्याच वर्षी आपली रेघ ५ वरून ३.५ वर आणली. २०१२ पर्यंत तिथे हीच रेघ १० वर होती. म्हणजे आमचा मुलगा जिनिव्हाच्या हिशोबाने रेघेच्या आत आणि अटलांटाच्या हिशोबाने बाहेर! बायको म्हणाली, ‘मग मी रडायचं की नाही, ते सांग.’

डॉक्टरांनी सांगितलं ते मला पटलं. ‘या रेघा आहेत ना, त्या कुणाकडे आधी लक्ष द्यायचं ते ठरवायला. अलीकडे सेफ आणि पलीकडे आजारी, असं काही नसतं.’ शिसं शरीरातून काढणारी औषधं आहेत, पण ती साधारण ४५ च्या वर गेलेल्या मुलांसाठी. आमच्यासाठी इलाज साधा होता. वस्तू घरातून बाहेर. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, झाडू मारून धूळ उडवायची नाही. जेवायच्या आधी साबणाने हात. हिमोग्लोबिन तपासलं, ते जरा कमी होतं, म्हणून लोहाचं औषध. दूध, नाचणी, पालेभाज्या. तीन महिन्यांनी परत टेस्ट.

परतच्या टेस्टमध्ये आकडा २.६ आला. बायको तेव्हा रडली.

‘साहेब, हे खेळणं नाही’

मधल्या काळात मी त्या दुकानात गेलो. भांडायला नाही, विचारायला. खेळण्यांवर आता आयएसआय मार्क सक्तीचा आहे, हे मला माहीत होतं. १ जानेवारी २०२१ पासून केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं मानक पाळावं लागतं आणि त्यात शिशाचीही चाचणी असते. मग या सेटवर मार्क का नाही?

दुकानदार हसला. ‘अहो साहेब, हे खेळणं नाही. हे स्पोर्ट्सचं सामान आहे.’

मला आधी वाटलं, कटवतोय. घरी येऊन मानक वाचायला बसलो. तर माणूस अर्धा खरं बोलत होता! आपलं मानक आंतरराष्ट्रीय मानकावरून घेतलंय आणि त्यात खरं क्रीडासाहित्य धरलेलंच नाही. बागेतली खेळणी, म्हणजे झोपाळे-घसरगुंड्याही नाहीत. क्रीडासाहित्याची खेळण्यातली आवृत्ती मात्र त्यात येते. मग साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातातली फूटभर बॅट आवृत्ती की अस्सल? कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, खेळणं. पण खोक्यावर ‘साइज वन’ आणि ‘स्पोर्ट्स गुड्स’ छापलं की पुढे कोण विचारतो?

बरं, रंगाचा कायदा तरी? तोही आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये नियम आले, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. ९० पीपीएमची मर्यादा तिथलीच. पण हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू आहेत. औद्योगिक रंग त्यात नाहीत. आणि कारखान्यात शेकडो स्टंप ज्या रंगात बुडवून काढतात, तो रंग घरगुती की औद्योगिक? हे तुम्हीच ठरवा.

म्हणजे बघा. भिंतीच्या रंगाला कायदा आहे, बाहुलीला कायदा आहे, युरोपात जाणाऱ्या चार्जरला कायदा आहे. आणि माझ्या पोराने बिस्कीट म्हणून चघळलेली बेल या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडली!

अमेरिकेने हा धडा आधी गिरवला. ऑगस्ट २००७ मध्ये मॅटेल कंपनीला फिशर-प्राइसची सुमारे १५ लाख खेळणी परत मागवायला लागली, कारण चीनमधल्या एका पुरवठादाराने शिशाचा रंग वापरला होता. देशभर बोंबाबोंब झाली. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला आणि ऑगस्ट २००९ पासून रंगातल्या शिशाची मर्यादा ६०० वरून ९० पीपीएमवर आली. त्या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो ‘खेळणं’ या शब्दावर अडून बसत नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेली वस्तू, इतकंच विचारतो. मग ती बाहुली असो, बॅट असो की दप्तर. मुलांच्या छोट्या मोटारसायकलीसुद्धा त्यात अडकल्या आणि कंपन्यांनी एवढा दंगा केला, की २०११ मध्ये त्यांना सूट द्यावी लागली. पण आधी सगळं आत घ्यायचं आणि मग सूट मागणाऱ्याने कारण सांगायचं, हा फंडा मला तरी बरोबर वाटतो.

आजोबांना कोण सांगणार?

खरं टेन्शन हे होतं. बाबा रिटायर्ड माणूस. नातवासाठी हौसेने आणलेली वस्तू. तिच्यावर ‘विष’ असा शिक्का मारायचा कसा? शेवटी रिपोर्ट पुढे ठेवला आणि म्हटलं, ‘बाबा, त्या स्टंपच्या रंगात शिसं निघालं. तुम्हीच काय, कोणीही आणलं असतं तरी बघून कळलं नसतं.’

बाबा थोडा वेळ गप्प. मग नेहमीचा डायलॉग आला. ‘अरे, आम्ही काय मेलो का? आमच्या वेळी तर शेंदूरसुद्धा हाताने कालवायचो.’ आता अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. म्हणजे उदाहरण माझ्याच बाजूचं होतं, पण ते तिथे बोलायची ती वेळ नव्हती.

मात्र ‘आम्हाला काय झालं?’ या प्रश्नाला खरंच उत्तर आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशन या संस्थेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळूरसारख्या शहरांत हजारो लोकांचं रक्त तपासलं. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात शिसं १० च्या वर होतं. तेव्हा पेट्रोलमध्येच शिसं असायचं, ते देशभरात बंद झालं २००० साली. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेले, ईएमआय भरणारे आपण सगळे, त्यातलेच. आपल्याला काय झालं ते कळायला दुसरा, शिशाशिवाय वाढलेला ‘मी’ शेजारी उभा करायला हवा. तो कुठून आणणार? आणि हा प्रश्न संपलेला नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज होता, की भारतात सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात शिसं ५ च्या वर आहे. ते सगळं अर्थातच स्टंपमधून येत नाही. बॅटऱ्या वितळवणारी भट्टी, भेसळीची हळद, मातीच्या भांड्यांची चकाकी, असे बरेच रस्ते आहेत. पण आपल्या घरातला रस्ता आपल्याला आजच्या आज बंद करता येतो.

बाबांनी दुसऱ्या दिवशी न बोलता एक नवीन बॅट आणली. बिनरंगाची, नुसतं पॉलिश मारलेली. स्टंपऐवजी बाल्कनीच्या भिंतीवर खडूने तीन रेघा मारल्या. आम्ही सगळे असेच शिकलो होतो की!

आता सोसायटी

आमच्या सोसायटीत दर दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी झोपाळे, घसरगुंडी, जंगल जिम रंगवतात. पेंटर येतो, कोरडा पॉलिश पेपर मारतो, जुना रंग भुकटी होऊन वाळूत पडतो आणि संध्याकाळी त्याच वाळूत मुलं किल्ला करतात. यंदा मी मीटिंगमध्ये विषय काढला. सेक्रेटरी काका म्हणाले, ‘बजेट?’ मी म्हटलं, शिसं नसलेला इनॅमल मागितला तर फरक पडेल तो एका बिर्याणी पार्टीएवढा. एक आजी मागून म्हणाल्या, ‘मग बिर्याणी रद्द करा!’ ठराव पास.

आणि आपली शनिवारची टर्फ? तिथलाही एक किस्सा आहे. २००८ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये एक स्टेडियम बंद केलं, कारण नायलॉनच्या कृत्रिम गवतात शिसं सापडलं. कारण? गवताला रंग यावा म्हणून वापरलेलं तेच आपलं लेड क्रोमेट. त्याच वर्षी तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितलं, की अशा मैदानांवर खेळल्याने मुलांना धोका नाही, पण कंपन्यांनी शिसं वापरणं थांबवावं. तेव्हा घाबरून बुकिंग कॅन्सल करू नका. फक्त टर्फ जुनी होऊन तिची भुकटी पडत असेल आणि बरोबर लहान मूल असेल, तर बाहेर आल्यावर त्याचे हात धुवा आणि बूट दाराबाहेर काढा.

एवढं नक्की करा

१. लहान मुलांसाठी बॅट, स्टंप, डंबेल्स घेताना बिनरंगी किंवा पॉलिशवालं बघा. रंगीत हवंच असेल तर आयएसआय मार्क विचारा. ‘स्पोर्ट्सचं सामान आहे’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

२. रंगाचा डबा घेताना शिसं ९० पीपीएमच्या आत असल्याचं लेबल वाचा. माळ्यावरचा २०१७ च्या आधीचा डबा मुलांच्या वस्तूंना लावू नका.

३. पापुद्रे निघणारा जुना रंग घरी कोरडा घासू नका. धूळच सगळ्यात वाईट.

४. जुने रंगीत स्टंप, बॅट होळीत किंवा शेकोटीत टाकू नका. शिसं धुरात आणि राखेत उतरतं. पिशवीत बांधून घातक कचरा म्हणून वेगळं द्या.

५. मूल रंगीत वस्तू सतत चघळत असेल, तर डॉक्टरांना रक्ताच्या टेस्टबद्दल विचारा. डोक्यात घोळवत बसण्यापेक्षा एक सुई परवडली.

दुकानात असे प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक जरा किरकिरा वाटतो, मान्य. पण परवा मी परत त्याच दुकानासमोरून गेलो. मला बघून दुकानदार म्हणाला, ‘साहेब, तुमच्यानंतर अजून तिघांनी विचारलं. मी होलसेलवाल्याला सांगितलंय, कागद असेल तरच माल पाठव.’ कागद आला की नाही ते अजून कळायचंय. पण तीन माणसांनी विचारलं तर एवढं होतं. आपण तीनशे जणांनी विचारलं तर?